आरोग्यविषयक बातमीत ‘नर की मादी’ हे छापलेच पाहिजे

महोदय,

आरोग्य आणि औषधे यांविषयीच्या बातम्यांत ‘उंदरांवरील प्रयोगांत असे आढळून आले’ हे वाक्य वारंवार छापून येते. ते उंदीर नर होते, माद्या होत्या की दोन्ही, हे मात्र जवळजवळ कधीच सांगितले जात नाही. प्राणिशास्त्र शिकवण्याचे काम करत आल्यामुळे ही उणीव मला फार खुपते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हा किरकोळ तपशील आहे आणि जागेअभावी तो गाळला तर काही बिघडत नाही, असे वृत्तसंपादकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सस्तन प्राण्यांच्या ग्रंथींत आणि ऊतींत कोणती जनुके किती प्रमाणात कार्यरत असतात याचा जो अभ्यास गेल्या काही दशकांत झाला आहे, तो पाहिल्यावर हा तपशील नसलेली बातमी अपुरी आहे, असेच म्हणावे लागते.

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. यकृताची पेशी लाळग्रंथीच्या पेशीहून वेगळी ठरते ती त्या संचातली कोणती जनुके वाचली जातात आणि किती वाचली जातात यावरून. जनुक वाचले गेले की त्याची आरएनए प्रत तयार होते, तिच्यावरून बहुधा प्रथिन बनते, आणि या सगळ्या व्यवहाराला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. अंडाशय, वृषण किंवा स्तन यांच्या बाबतीत नर आणि मादी यांच्या अभिव्यक्तीत फरक असणार हे उघड आहे. ज्या अवयवांचा पुनरुत्पादनाशी वरकरणी काहीच संबंध दिसत नाही, त्या लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, यकृत, मूत्रपिंड आणि मेद-ऊती यांतही असा फरक असतो, हे मात्र पुष्कळ सुशिक्षित वाचकांनाही ठाऊक नसते.

उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीकडे पाहावे. फ्रेंच संशोधक आंत्वान लाकासान्य यांनी १९४० मध्ये या ग्रंथीतील नर-मादी फरकाची नोंद केली. प्रौढ नराच्या ग्रंथीचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यातल्या नागमोडी नलिका रुंद दिसतात आणि त्यांच्या उंच पेशी गडद कणांनी ठासून भरलेल्या आढळतात. त्याच वयाच्या मादीच्या छेदात त्याच नलिका अरुंद, पेशी ठेंगण्या आणि कण मोजके असतात. नराचे वृषण काढले की काही आठवड्यांत त्याच्या नलिका मादीसारख्या आक्रसतात, आणि मादीला टेस्टोस्टेरॉन दिले की तिच्या नलिका नरासारख्या वाढतात. म्हणजे जनुके दोघांकडेही आहेत, ती किती वाचली जावीत हे संप्रेरक ठरवते.

त्या कणांत काय साठवलेले असते, यालाही वैद्यकाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी नर उंदरांच्या याच ग्रंथींपासून मज्जातंतूंची वाढ घडवणारे प्रथिन शुद्ध करून घेतले. ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचल्यावर त्यांचे डोळे साधारण चौदाव्या दिवसाऐवजी सातव्या दिवसाच्या सुमारास उघडतात आणि दातही लवकर येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मज्जातंतूवरील कामाशी याचा संबंध नव्हता, तरी त्यांनी ते निरीक्षण बाजूला टाकले नाही. त्यातूनच १९६२ मध्ये त्वचेसारख्या बाह्य ऊतींची वाढ घडवणारे दुसरे प्रथिन त्यांनी वेगळे केले. मज्जातंतूंवरील कामातल्या त्यांच्या सहकारी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते वाढ घडवणाऱ्या या घटकांच्या शोधासाठी. ही दोन्ही प्रथिने नराच्या ग्रंथीत मादीच्या तुलनेत कितीतरी अधिक असतात. केवळ माद्यांच्या ग्रंथी वापरल्या असत्या तर तेवढ्याच ऊतीतून फारच थोडे हाती लागले असते. कोणत्या लिंगाचा प्राणी घेतला यावर प्रयोगशाळेत काय दिसते आणि काय दिसत नाही हे किती अवलंबून असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, माणसाच्या लाळग्रंथीत अशा कणयुक्त नागमोडी नलिका नसतात. उंदरातला हा फरक जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही.

इतर ग्रंथींची उदाहरणे थोडक्यात देतो. उंदराच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या बाहेरच्या थराच्या अगदी आतल्या कडेला पेशींचा एक पट्टा असतो. तो नरात वयात येताना नाहीसा होतो आणि मादीत पहिल्या गर्भारपणापर्यंत टिकतो. सोनेरी हॅमस्टरच्या डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीत मादीमध्ये पॉर्फिरिन हे रंगद्रव्य मोठ्या प्रमाणात साठते, तर नरात ते नगण्य असते. अश्रुग्रंथी आणि पापण्यांच्या कडांवरच्या तैलग्रंथी या दोन्हींवर पुरुष संप्रेरकांचा परिणाम होतो. डोळे कोरडे पडण्याची तक्रार स्त्रियांत अधिक असते, आणि अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर शरीराचीच प्रतिकारयंत्रणा हल्ला करते त्या श्योग्रेन विकारात एका पुरुषामागे साधारण नऊ स्त्रिया रुग्ण असतात.

यकृताचा विषय मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही, कारण बहुतेक औषधांचे विघटन तेथेच होते. रॅट या उंदराच्या आकाराने मोठ्या नातलगाच्या मादीला बार्बिट्युरेट गटातल्या गुंगीच्या औषधाने नरापेक्षा अधिक काळ झोप लागते, हे १९३० च्या दशकातच लक्षात आले होते. त्याचे कारण उलगडायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि ते कारण मोठे विलक्षण आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीतून स्रवणारे वाढीचे संप्रेरक नरात आणि मादीत एकच असते, पण ते स्रवण्याची लय वेगळी असते. नर रॅटमध्ये सुमारे साडेतीन तासांच्या अंतराने त्याचा मोठा स्राव होतो आणि मधल्या काळात रक्तातले त्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर येते. मादीत स्राव लहान, वारंवार आणि जवळपास अखंड असतो. यकृताच्या पेशी ही लय ओळखतात. स्टॅट-५-बी नावाचे प्रथिन नरात प्रत्येक स्रावाबरोबर सक्रिय होऊन पुन्हा शांत होते, तर मादीत ते कमी पातळीवर पण सतत कार्यरत राहते, आणि त्यानुसार जनुकांचे दोन वेगवेगळे गट वाचले जातात. औषधांचे विघटन करणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० कुटुंबातले २-सी-११ हे विकर (एन्झाइम) प्रौढ नर रॅटच्या यकृतात मुबलक असते, २-सी-१२ हे मादीच्या. नराला वाढीचे संप्रेरक सलग, अखंड धारेने दिले तर त्याचे यकृत मादीच्या पद्धतीची जनुके वाचू लागते. एकाच रेणूच्या केवळ वेळापत्रकाने एका अवयवाचे रसायन बदलावे, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी शिकवले असेल, तरी त्यातले नवल माझ्यापुरते ओसरलेले नाही.

माणसात हा फरक रॅटइतका तीव्र नसतो, पण तो असतो. स्त्रियांच्या यकृतात सायटोक्रोम ३-ए-४ हे महत्त्वाचे विकर पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक आढळते. यावरून कोणी घाईने असा निष्कर्ष काढील की, या विकराने मोडणारी सर्व औषधे स्त्रियांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत असतील. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या झोल्पिडेमचे उदाहरण अशा घाईला आळा घालते. हे औषध मुख्यतः याच विकराने मोडते, तरीही स्त्रियांच्या शरीरातून ते पुरुषांपेक्षा सावकाश बाहेर पडते. अमेरिकेत १९९२ पासून ते स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत दिले जात होते. २०१३ मध्ये तेथील औषध नियामक संस्थेने स्त्रियांसाठीची साध्या गोळीची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण रात्री १० मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या रक्तात वाहन चालवणे धोक्याचे ठरावे इतके औषध उरत होते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. सुमारे वीस वर्षे असंख्य स्त्रियांना नंतर शिफारस झालेल्या मात्रेच्या दुप्पट मात्रा दिली जात होती. जनुकांच्या तक्त्यावरून मात्रा ठरवता येत नाही. स्त्रिया आणि पुरुष या दोघांत ती प्रत्यक्ष मोजून पाहावी लागते, आणि नेमके हेच दीर्घकाळ टाळले गेले होते.

संप्रेरके हे या फरकाचे एक मूळ झाले. दुसरे मूळ गुणसूत्रांत आहे. मादी सस्तन प्राण्याच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांपैकी एक बव्हंशी निष्क्रिय केले जाते, असा सिद्धान्त मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडला आणि तो खरा ठरला. मात्र ही निष्क्रियता संपूर्ण नसते. माणसात एक्स गुणसूत्रावरची साधारण १५ ते २५ टक्के जनुके कमी-अधिक प्रमाणात तिच्यातून निसटतात, आणि ती स्त्रियांच्या पेशींत दोन्ही गुणसूत्रांवरून वाचली जातात. विषाणूंचा आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर-७ या प्रथिनाचे जनुक प्रतिकारयंत्रणेच्या काही पेशींत असे निसटलेले आढळले आहे. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते त्या ल्युपस या विकाराच्या रुग्णांतही दर दहांत नऊ स्त्रिया असतात. ज्या पुरुषांना जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र असते, त्यांना ल्युपस होण्याची शक्यता इतर पुरुषांच्या सुमारे चौदा पट, म्हणजे जवळपास स्त्रियांइतकी असते. त्यांची शरीरे पुरुषाची असूनही असे घडते, हे लक्षात घेतले की केवळ संप्रेरकांवर सगळे ढकलता येत नाही. ही दोन कारणे वेगळी करण्यासाठी प्रयोगशाळेत उंदरांची एक खास जात तयार केली गेली आहे. तिच्यात वृषण घडवणारे एसआरवाय हे जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या, लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रावर बसवले आहे. त्यामुळे दोन एक्स असलेले पण वृषण असलेले, आणि एक्स-वाय असलेले पण अंडाशय असलेले उंदीर मिळतात, आणि एखादा फरक ग्रंथींमुळे आहे की गुणसूत्रांमुळे, हे तपासता येते.

आता या फरकांच्या आकाराविषयी, कारण बातम्यांत दुसरी चूक होते ती येथे. ३३४ उंदरांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृतातील सक्रिय जनुकांपैकी ७२ टक्के, मेद-ऊतीतील ६८ टक्के, स्नायूंतील सुमारे ५५ टक्के आणि मेंदूतील सुमारे १४ टक्के जनुकांत नर-मादी फरक आढळला. माणसाच्या ४४ ऊतींचा, ८३८ व्यक्तींच्या नमुन्यांवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३७ टक्के जनुके किमान एका ऊतीत तरी स्त्री-पुरुषांत वेगळ्या प्रमाणात वाचली जाताना दिसली. हे आकडे मथळ्यात फार मोठे दिसतात. पण त्याच अभ्यासांनी हेही नोंदवले आहे की, बहुतेक जनुकांच्या बाबतीत हा फरक अगदी लहान असतो. सरासरी थोडी इकडेतिकडे सरकलेली असते, आणि दोन्ही गटांतल्या व्यक्तींची मोजमापे मोठ्या प्रमाणात एकमेकांवर पडतात. उंची स्त्री-पुरुषांत सरासरीने वेगळी असली तरी केवळ उंचीवरून कोणी स्त्री की पुरुष हे खात्रीने सांगता येत नाही, तसेच येथेही आहे. ‘एक तृतीयांशाहून अधिक जनुके वेगळी’ असा मथळा देऊन फरक किती हे न सांगणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे.

मेंदूचा आकडा या यादीत सर्वांत लहान आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. स्त्रियांची बुद्धी अशी आणि पुरुषांची तशी, असे सांगण्यासाठी जनुकांचा आधार घेणारा मजकूर अधूनमधून छापला जातो. उंदरांच्या त्या अभ्यासात नर-मादी फरकाचे सर्वाधिक पुरावे यकृत आणि मेद-ऊती यांत सापडतात. ते सोडून स्वभाव आणि कर्तृत्व यांविषयीच्या जुन्या समजुतींना विज्ञानाचा शिक्का मारणे हा या अभ्यासांवर अन्याय आहे आणि माणसांवरही.

आणखी एक बारकावा अभ्यासकांनाही सतावतो. ग्रंथीचा तुकडा वाटून त्यातला सगळा आरएनए मोजला, तर मिळते ती अनेक प्रकारच्या पेशींची सरमिसळ. नराच्या लाळग्रंथीत नलिकांचा वाटाच मोठा असेल, तर नलिकांशी संबंधित प्रत्येक जनुक नरात ‘अधिक अभिव्यक्त’ दिसणार, मग एकेका पेशीतले प्रमाण तेच का असेना. माणसाच्या ऊतींत सर्वाधिक फरक स्तनाच्या ऊतीत दिसला, यात दोघांतल्या पेशींच्या वेगळ्या प्रमाणाचा वाटा आहे. अलीकडे एकेका पेशीतला आरएनए वेगळा मोजता येऊ लागल्याने हा पेच सुटू लागला आहे, आणि जुने काही निष्कर्ष पुन्हा तपासावे लागणार आहेत. शिवाय माणूस, माकड, उंदीर, रॅट आणि कुत्रा यांच्या बारा ऊतींची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत नर-मादी फरकांपैकी बहुतांश फरक या प्राण्यांच्या समान पूर्वजानंतर निर्माण झालेले आढळले. म्हणून उंदीर नर होता की मादी हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो उंदीर होता हेही.

इतके सगळे ज्ञात असताना माहितीतली ही दरी राहिली कशी? दशकानुदशके संशोधक नर प्राणीच निवडत आले. मादीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रामुळे तिची मोजमापे फार बदलतात, असा समज त्यामागे होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जीवशास्त्राच्या दहापैकी आठ शाखांत नर प्राण्यांकडे झुकाव आढळला. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा ऋतुचक्राच्या कोणत्याही टप्प्यावर घेतलेल्या मादी उंदरांची मोजमापे नरांपेक्षा अधिक अस्थिर नसतात, हे स्पष्ट झाले. ज्या कारणाने माद्या वगळल्या जात होत्या, ते कारणच तपासलेले नव्हते. माणसांच्या बाबतीतही तेच घडले. अमेरिकी नियामक संस्थेने १९७७ मध्ये गर्भधारणाक्षम स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली, ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. तेथील सरकारी लेखा कार्यालयाने २००१ मध्ये दाखवून दिले की, १९९७ पासून बाजारातून मागे घेतलेल्या दहापैकी आठ औषधांनी स्त्रियांना अधिक धोका निर्माण केला होता; त्यांतली चार स्त्रियांनाच जास्त प्रमाणात दिली जात होती, पण उरलेल्या चारांच्या बाबतीत तसे कारण सांगता येत नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी प्राणी आणि पेशी यांवरील संशोधनातही लिंगाचा विचार झाला पाहिजे, अशी अट २०१६ पासून निधीसाठीच्या अर्जांना लागू केली. कोहेन यांनी उंदराची लाळग्रंथी वापरल्याला तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

पेशींचाही उल्लेख केला पाहिजे. काचपात्रात वाढवलेल्या पेशींनाही लिंग असते, पण शोधनिबंधांत ते सांगण्याचा प्रघात अगदी क्षीण आहे. इतकेच काय, पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याला गुलाबी छटा देणारे फिनॉल रेड हे सूचक द्रव्य स्वतःच स्त्री-संप्रेरकासारखा सौम्य परिणाम करते, हे १९८० च्या दशकात दिसून आले. संप्रेरकांवर काम करणारे त्यामुळे बिनरंगी द्रव वापरतात.

माझी विनंती मर्यादित आहे. संशोधनाविषयीच्या प्रत्येक बातमीत प्राणी किंवा माणसे कोणत्या लिंगाची होती, दोन्ही असल्यास निष्कर्ष वेगवेगळे तपासले का, आणि फरक सांगायचा असेल तर तो किती मोठा, एवढे द्यावे. यासाठी फार जागा लागत नाही. मूळ निबंधाच्या ‘पद्धती’ या विभागात ही माहिती बहुधा एका ओळीत असते, आणि वार्ताहराने संशोधकाला एक प्रश्न विचारला तरी ती मिळते. निबंधातच ती दिलेली नसेल, तर ‘प्राणी नर होते की माद्या हे निबंधात नमूद केलेले नाही’ असे बातमीत स्पष्ट छापावे.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक अध्यापक